खांदेपालट

एक जुलैला कायदा बदलला.
त्याआधी खांदा शरीरात होता.
शरीर दुखावलं की विचारावं लागायचं,
ही बाई आता काय काम करू शकेल, किती वर्षं,
आणि हिशेब लांबायचा.
एक जुलैनंतर खांदा यादीत गेला,
अंगठा, करंगळी, पायाची बोटं यांच्या मागे रांगेत.
ठरलेले आठवडे, ठरलेले डॉलर, इथे सही.

राजधानीत, घुमटाखाली,
कोणीतरी दुपारच्या जेवणाआधी
एका कलमातून तो शब्द उचलला
आणि दुसऱ्यात ठेवला.
हलका असणार.

आई एकोणीस वर्षं डुकराच्या खांद्यातलं हाड सोडवते,
मिनिटाला नऊ.
वाटीत सुरीचं टोक घालायचं, फिरवायचं, ओढायचं.
घरी आम्ही त्या जनावराचं नाव घेत नाही,
पगाराचं घेतो.
"खांदा शरीरापासून वेगळा करायला जोर लागतो,"
ती वकिलासमोर म्हणाली,
"विचार त्यांना, कधी करून पाहिलंय का."
हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

वकील काल्सबीक भला माणूस. बूट ओले, टेबलावर सूर्यफुलाच्या बिया.
"नेमकं कधी दुखायला लागलं?
जूनमधली तारीख मिळाली तर बरं."
कंपनीच्या नर्सच्या वहीत सहा जुलै आहे,
कारण चार तारखेच्या सुट्टीला दुप्पट मजुरी होती
आणि आई ती सोडणार नव्हती.

आईकडे तारखा पुष्कळ.
प्रियेदोर सोडलं ती.
मी जन्मले ती.
सेनाद मामाची हाडं मिळाली ती; सगळी नव्हती,
ताबूत इतका हलका
की दोघांनी खांदा दिला तरी पुरलं.
पण ही तारीख तिला सापडेना.
शेवटी म्हणाली, कॉफीचे कप.
वसंतात कधीतरी
ते वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आले.

हो, मी म्हटलं, बैरामला खालीच होते,
मावशीने विचारलंसुद्धा होतं.
काल्सबीकचं पेन थांबलं.
"कुठे लिहून ठेवलंय?"

कप खाली ठेवताना कोण लिहून ठेवतं?

सुनावणीची खोली गरम होती.
मुलीला दुभाषी होता येत नाही, म्हणून मी मागे बसले.
दुभाष्या फोनवर, दूरच्या कुठल्यातरी शहरातला,
आमचेच शब्द, पण परक्या गावच्या हेलात.
"सेव्लेता मुयाकिच, उजवा हात वर करा."
आईने उचलला.
बरगडीपर्यंत आला, मग छातीपर्यंत,
तिथे थांबला.
तिने डाव्या हाताने कोपर धरून
खालून ढकलून पाहिलं,
अडकलेला ड्रॉवर ढकलावा तसं.
कंपनीचा वकील कागदांत काहीतरी शोधू लागला.
फोनमधून आवाज आला,
"साक्षीदार गप्प का आहेत?
प्रश्न कळला नाही का?"

कोणीच काही बोललं नाही.
मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, डावा चालेल.
टायपिस्टने नोंदवलं, शपथ घेतली.
कुठल्या हाताने, ते नाही.

त्यानंतर दोन तास तारखेवर गेले.

निकाल अजून यायचाय.
काल्सबीक म्हणतो, वाट बघा,
आणि वाट बघण्याचे आठवडे यादीत कुठेच नाहीत,
तो हे हसत सांगतो, मग हसणं आवरतो.

पार्किंगमध्ये आई माझ्याकडे वळली,
सीटबेल्ट लावून घ्यायला,
लहानपणी मी तिच्याकडे वळायचे तशी.
मी म्हटलं, घरी गेल्यावर कप वर ठेवून देऊ?
नको, म्हणाली,
आता तीच त्यांची जागा.
आणि दुकानापाशी थांब,
साखर संपलीय.