भाड्याने

महिना अठराशेवर
माझं प्रोफाइल दिलंय भाड्याने.
फोटो माझा, सावद्याच्या स्टुडिओतला,
कोट स्टुडिओचा.
नाव माझं, ललित फेगडे.
बोलतो मात्र कुणी दुसराच,
रात्री, फाडफाड इंग्रजीत,
डेन्मार्कच्या बाईला सॉफ्टवेअर विकतो.

मी तेव्हा गच्चीवर, लाइट गेलेली,
अंगाखाली ओली चादर.

एक तारखेला पैसे येतात, बिनचूक.
आईला सांगितलंय, कंपनीचं काम आहे.
खोटं नाही तसं.

काल बसस्टँडवर झोपे सर भेटले.
म्हणाले, "काय रे भो, किती छान मेसेज केलास
माझ्या रिटायरमेंटला!
हिलाही वाचून दाखवला."

मी मान हलवली.
घरी येऊन बघायला गेलो काय लिहिलं होतं ते,
तर पासवर्ड
कधीचाच बदललेला.