पाचपैकी पाच

एम.एस्सी.च्या कामासाठी चैत्रात
एकशे वीस घरं फिरले.
छातीशी पॅड, दोरीला बांधलेलं पेन,
आणि पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न:
नदीबद्दल तुम्हाला किती वाटतं?
एक ते पाचमध्ये सांगा.

ताराबाई पार्कात वैजयंता इंगवले
पाच म्हणाल्या, विचारही करावा लागला नाही.
पंचगंगेचं नाव काढताच डोळे भरले त्यांचे.
‘घाटावरच पोहायला शिकले हो मी,
पाठीला वाळका भोपळा बांधून.’
मागं ड्रायव्हर पाइप लावून गाडी धूत होता.
पाणी फाटकाखालून माझ्या चपलेपर्यंत आलं.
मी पाय उचलला
आणि पाचला गोल केला.

राजारामपुरीत नवरा चार म्हणाला,
बायकोनं नुसतं बघितलं.
पाच.
उत्तरेश्वर पेठेत तालमीची पोरं एका सुरात ओरडली,
‘पाच लिवा ताई, विषय हार्ड!’
आणि त्याच दमात
यंदाची मूर्ती एकवीस फुटी.

दुसऱ्या पानावर वागण्याचे प्रश्न होते.
तिथं आल्यावर लोकांना
माझं ऊन दिसायचं.
‘बसा की जरा, सरबत घ्या.’
कापडी पिशवी? आहे की, दाराला अडकवलेली,
मंडईत गेल्यावर आठवते.

एकाचंच पहिलं पान कोरं राहिलं.
गंगावेशीतला सायकलवाला, दस्तगीर मुल्लाणी.
‘पर्यावरण म्हंजे नक्की काय वो?’
फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापत विचारलं त्यानं.
घमेल्यातलं पाणी तीन दिवसांचं, काळं,
तरी पंक्चरचा बुडबुडा बरोबर दाखवणारं.
दुसऱ्या पानावर पैकीच्या पैकी!
मला भरून आलं,
सरांना दाखवायचं वाक्यसुद्धा जुळत आलं,
तेवढ्यात तो म्हणाला,
‘पैसं असतं तर उद्याच बुलेट घेतली असती बघा.’
वाक्य तिथंच सुटलं.

संध्याकाळी केएमटी जयंती नाल्यावर आली की
सगळी बस एकदम नाकाला रुमाल लावते.
कुणी शिकवलेलं नाही, कुणी चुकत नाही.
शेजारची बाई रुमालातूनच म्हणाली,
‘कोण करतंय ही घाण, देव जाणे.’
मी माझ्या रुमालातून मान हलवली.

रात्री एकशे एकविसावा फॉर्म काढला, माझा.
पहिल्या पानावर पाच.
पान उलटायच्या आधी उठले,
दिवसभराचा रुमाल निळ्या पावडरीत भिजवला,
चोळला, पिळला,
फेस मोरीत ओतला.
मोरीनं घशातून आवाज काढत तो घेतला.
कधी नव्हे ती मी तिथं उभी राहिले,
आता कुठल्या गटारात, आता कुठल्या वळणावर,
कान देऊन.

पहाटेपर्यंत पोचेल पुलाखाली.
दोरीवर रुमाल वाळत टाकला.
सकाळच्या बसला
स्वच्छच लागतो.