बावीस मीटर

नारिनच्या दवाखान्यातला कॉरिडॉर
टेपने मोजला तेव्हा सव्वीस मीटर भरला.
नियमाप्रमाणे तीस हवेत.
म्हणून एक्स-रेच्या जुन्या खोलीचं दार काढलं
आणि उरलेले चार मीटर तिथून घेतले.
दोन्ही टोकांना नारिंगी शंकू.
मधे चालायचं. सहा मिनिटं. धावायचं नाही.
तुम्ही थांबलात तरी घड्याळ थांबणार नाही.
हे वाक्य छापील आहे, मी फक्त वाचते,
प्रत्येकापुढे त्याच आवाजात.

बुरमाकान, वय एकसष्ट.
धूम्रपान: 'कधीच नाही'वर मी खूण केली
तेव्हा म्हणाली, थांब, लिही:
चाळीस हिवाळे, गोवऱ्यांची चूल, दार बंद.
रकान्यात मावलं नाही.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

फुंका, मी ओरडते, फुंका फुंका फुंका,
अजून, अजून, सोडू नका!
गळ्याच्या शिरा टरारतात, डोळ्यांत पाणी,
आणि पडद्यावरची रेघ
चढते न चढते तोच खपाटीला गेलेल्या पोटासारखी
आत वळते.
'चुलीला याहून मोठ्या फुंकरी घातल्यात मी,'
ती नळी बाजूला करून हसते,
हसताना खोकते,
'सगळ्या तिथंच संपल्या.'

प्रश्नावली राजधानीहून आलेली.
चढ चढताना धाप लागते का, शून्य ते पाच.
'कुठला चढ?'
तिनं खिडकीबाहेर पाहिलं.
बाहेर चढाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

पाकीट क्रमांक एकशे सात.
आत नवं औषध की जुनंच,
तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही.
सकाळी दोन फवारे, रात्री दोन,
मग चूळ.

फेब्रुवारीत घाटरस्ता बंद झाला.
चौघं तपासणीला आले नाहीत.
त्यांच्यापुढे नऊचा आकडा: संपर्क तुटला.
जूमाबायचा मुलगा नंतर येऊन
वडिलांचा फवारा टेबलावर ठेवून गेला.
वरच्या छोट्या खिडकीत आकडा होता सहा.
म्हणजे एक दिवस आणि एक सकाळ शिल्लक.
मृत्यूसाठी वेगळा आकडा आहे,
पण दाखला आला नाही तोवर नऊच राहू द्या, म्हणाले.
मी राहू दिला.

एप्रिलमध्ये बुरमाकान पुन्हा चालली.
आधी तीनशे एक, आता तीनशे तेवीस.
डॉक्टर तालासबेक फोनवर म्हणाले,
तीसच्या खालचा फरक आपण फरक मानत नाही.
जेवण जरा बरं झालं, झोप लागली,
तरी एवढं होतं.
त्यांचं खरं आहे. माणूस चांगला आहे,
आमच्यासाठी हीटरही त्यांनीच भांडून आणला.

पण ती विचारत होती, बावीस म्हणजे किती गं?
मी शंकूपासून फरश्या मोजत गेले
आणि जिथं थांबले तिथून वळून पाहिलं.
ती खुर्चीत बसून डोळे बारीक करून
माझ्यापर्यंतचं अंतर तोलत होती.

'म्हणजे घरापासून गोठ्यापर्यंत,' ती म्हणाली.
'मागल्या हिवाळ्यात मधल्या खांबाला धरून उभी राहायचे,
बादली बर्फात ठेवून.
दुधावर पापुद्रा धरायचा तोवर.
यंदा बादली खाली ठेवली नाही.'

हे कुठं लिहायचं?
समास भरला होता.
निघताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला,
दमानं घे, म्हणाली.
मला.

तक्त्यात ती आता एका सरासरीत आहे
एकशे अठरा माणसांबरोबर,
आणि सरासरीचं म्हणणं असं की विशेष काही झालं नाही.
माझं तिच्याशी भांडण नाही.

फक्त त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
फरशी पुसायची बादली काठोकाठ भरली
आणि पहिल्या शंकूपासून निघाले.
अकराव्या मीटरला हात बदलावा लागला.
एक्स-रेच्या खोलीचं दार अजून भिंतीला टेकून उभं आहे.
सप्टेंबरात दुसरी तुकडी येईल,
तोवर कशाला बसवायचं.