खोली क्रमांक चार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथे पायरीच नाही. उतार आहे,
चाकांच्या खुर्च्यांसाठी बांधलेला,
आणि त्याच्यावर सकाळी सातला मीच मीठ टाकते
बर्फावरून कुणी घसरू नये म्हणून.

वॉटरटाउनजवळच्या या छावणीत फेब्रुवारी म्हणजे
बुटांनी आणलेलं पाणी फरशीभर,
दोन प्रिंटर, त्यातला एक कायमचा रुसलेला,
आणि दारावर कागद: कायदा व कर सल्ला. शुल्क नाही.
लोक शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचतात.
फुकट म्हटलं की कुठेतरी सही अडकते,
हे फौजेत पहिल्याच आठवड्यात कळतं.

मी वकील नव्हे. बावीस वर्षं फौजेच्या भटारखान्यात
अंडी फोडली,
आता आकडेमोड करते.

टोबिन वासिलिक, वय एकोणीस, नॉर्थ डकोटाचा,
मृत्युपत्र करायला आला.
शब्द तोंडात मावत नव्हता त्याच्या,
नुसतंच म्हणाला, 'ते कागद.'
मालमत्ता?
एक ट्रक, हप्ते बाकी. आजोबांची बंदूक.
आणि पिकल.
कॅप्टन ओयेलारननी चष्मा वर केला:
कायद्याच्या लेखी कुत्री ही वस्तू.
तो म्हणाला, मग कायद्याला सांगा
तिला रात्री दिवा लागतो.
कॅप्टननी लिहिलं. कलम तीन, उपकलम अ.
कुणी हसलं नाही.
साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

मालिया फाउमुइना गेल्या मंगळवारी आली, पायात चपला,
आणि बाहेर उणे अकरा.
पागो पागोहून आलेल्यांना इथले बूट टोचतात म्हणे.
नवऱ्याची बदली झाली, घरमालक अनामत देईना.
कॅप्टनचं पत्र गेलं, एकच पान, त्यात 'कृपया' एकदाच.
चौथ्या दिवशी चेक.
पाचव्या दिवशी ती, हातात नारळाच्या दुधातल्या पावांचा ट्रे.
मी म्हटलं, इथे फी घेत नाहीत.
ती म्हणाली, ही फी नाही, पाव आहेत.
नियमात बसतं का बघायला कॅप्टननी पुस्तक उघडलं,
तोवर तीन संपले होते.

आज दुपारी इलोना क्रेसवेल.
कागद बाळाच्या पिशवीत, लंगोटांच्या खालच्या कप्प्यात,
पावडरचा वास लागलेले.
विचारलं, एकत्र भरायचं की वेगळं?
रोज पन्नासदा विचारते, जिभेला वळणच पडलंय.
ती म्हणाली, वेगळं कसं भरतात?
मग मला तारीख दिसली. सप्टेंबर.
आणि जागा, जिचं नाव मला नीट म्हणता येत नाही.

त्या वर्षापुरतं एकत्र भरता येतं.
त्याच्या नावापुढे एक शब्द टाइप करायचा, एक तारीख.
सहीच्या दोन रेघांपैकी एकीवर
'हयात जोडीदार' लिहायचं.
आणि लढाईच्या प्रदेशात गेलेल्याचा त्या वर्षीचा कर
कायदा माफ करतो.
मी तसंच सांगितलं, शिकवलं होतं तसं:
माफ आहे बाई, सगळं माफ.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
मग विचारलं,
माफ? त्याने काय केलं होतं?

बावीस वर्षं हजार माणसांना तीन वेळा जेवू घातलं.
मला उत्तर आलं नाही.
रुसलेला प्रिंटर तेवढ्यात आपणहून सुरू झाला
आणि कुणा दुसऱ्याचंच पान बाहेर आलं.

सह्या झाल्या. परतावा सहा आठवड्यांत.
माझ्या तक्त्यातला शेवटचा रकाना, 'आकारलेली रक्कम',
तिथे मी रोज शून्य लिहिते, न बघता.

पुढच्या वर्षी? तिनं दारात विचारलं.
फेब्रुवारीच्या सुरुवातीला या, म्हटलं, गर्दी नसते.
आणि थांबा,
सकाळचं मीठ आता संपलं असेल,
ती पिशवी द्या इकडे.