छातीच्या उंचीवर

परिपत्रक म्हणतं, जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर,
म्हणजे छातीच्या उंचीवर, टेप बांधा.
कुणाच्या छातीच्या, ते लिहिलेलं नाही.
माझ्या हनुवटीशी येते ती खूण,
वाकलेल्या धाकलू झोरेच्या कपाळाशी.

दाजीपूरच्या अलीकडे, कारवीतून अंग चोरत
आम्ही त्रेचाळीस नंबरचा प्लॉट शोधतोय.
मोबाईल म्हणतो, अजून बारा मीटर.
धाकलू म्हणतो, "तितं गव्याची वाट हाय, बाई.
जरा दमानं."
गवा आमच्या आधी मोजणी करून गेलेला,
शेण अजून गरम.

अंजनी, घेर एकसष्ट.
जांभूळ, एकशे अठरा, आत पोकळ.
पोकळीला रकाना नाही.
हिरडा, सत्त्याऐंशी.
"ह्यो माझ्या सासऱ्याचा," धाकलू पुटपुटतो,
आणि लगेच, "म्हंजे सरकारचाच की वो."

हे आकडे कोल्हापुरात तपासतील,
नागपुरात त्यांची बेरीज, दिल्लीत त्यांचे टन,
हवेतून उचलून लाकडात ठेवलेल्या कर्बाचे,
दोन हजार तीसच्या वचनात बसवायला.
वचन चांगलं आहे. खोटं कशाला बोलू?
सहा वर्षं या बीटवर एकटी फिरते;
एवढ्या लांबून कुणी या पोकळ जांभळाचा हिशेब मागतंय
याचं बरंच वाटतं.

पण परवा ऑफिसात नवा नकाशा आला.
पलीकडची अख्खी उतरण गडद हिरवी,
गेल्या खेपेपेक्षा हिरवी.
साहेबांनी चहा दुसऱ्यांदा मागवला.
म्हटलं, साहेब, ते काजू आहेत.
मालकीतलं रान तोडून ओळीनं लावलेले.
साहेब म्हणाले, उपग्रहाला झाड दिसतं, मॅडम.
झाड आहे ना?

आहे.

धाकलूला सांगितलं. हसेल वाटलं, हसला नाही.
काठीनं पाचोळा बाजूला सारून
त्यानं बोटभर ओल दाखवली,
मे महिन्याच्या तेवीस तारखेला.
"काजूखाली ही हुडकून दावा म्हणावं."

शेवटचा रकाना, शेरा. दोन शब्द मावतील एवढा.
लिहिते, ओल आहे.
वर कुणी वाचलं तर विचारतील, कसली?

धाकलू टेप गुंडाळतोय. टेपला चीक लागलाय,
तो धोतराला पुसतो.
"आजून किती ऱ्हायलेत?"
"एकशे चार."
"मग उटा की. ऊन कललं."