अर्धं तिकीट

खाजामियाँच्या टपरीत, स्टोव्हच्या वर
लॅमिनेशन केलेला एक कागद लटकतो:
चहा पिण्याचे फायदे.
एकूण अकरा. सातवा वाफेनं पुसून गेलाय.
तरतरी येते. डोकं हलकं होतं.
आलं घातलं तर घसा मोकळा.
हृदयाचंही काहीतरी आहे,
शेवटी ‘असे म्हणतात’ जोडून.

मुंजाजी कऱ्हाळे तो कागद वाचतात
सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी,
चार तास माझ्या मशीनला जोडून घ्यायच्या आधी.
एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं,
परभणी-जिंतूर, जिंतूर-परभणी.
बोरीचा चहा गोडमिट्ट, सांगतात,
जिंतूर स्टँडचा उकळून उकळून काळा,
आणि झरीला एक बाई होती, गवती चहा टाकायची,
पैसे राहू द्या म्हणायची,
फक्त विचारायची, “गाडीत जागा हाय का?”

आता डॉक्टरांनी दिवसाचं पाणी लिहून दिलंय.
पाऊण लिटर.
त्यातच वरण, त्यातच ताक,
गोळ्यांवरचा घोट त्यातच,
आणि उरलं तर चहा.
किडन्या बंद. आत गेलेलं पाणी जाणार कुठं?
पायात उतरतं.
रात्री छातीवर येऊन बसतं.

अख्खी परभणी विचारत असते, येलदरीत किती टक्के?
आमच्या गल्लीत नवव्या दिवशी टँकर येतो,
मी घागरी भरून ड्युटीवर येते
आणि माणसांना वजनकाट्यावर उभं करून
पाणी जास्त झालं म्हणून रागावते.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं,
“पोरी, च्या सोडायचा का मग?”
मी म्हणाले, “सोडू नका काका. मोजून घ्या.”
त्यांनी खिशातून वही काढली,
वे-बिलासारख्या रेघा मारलेली,
आणि लिहिलं: चहा, हाफ.
“म्हंजे अर्धं तिकीट,” स्वतःशीच हसले,
“बारा वर्षांच्या आतलं लेकरू झालो म्हण की.”

खाजामियाँनं त्यांचा ग्लास वेगळा ठेवलाय.
सिरिंजनं मोजून पन्नास एमएल पाणी मीच ओतलं होतं,
त्यानं खिळ्यानं रेघ ओढली.
एकदा नव्या पोरानं काठोकाठ भरून दिला
तर खाजामियाँ केवढ्यानं ओरडला,
“अबे, मारता क्या उनको?”
टपरी गप्प झाली.
आधी हसले ते मुंजाजीच.

तो चहा ते बशीत ओततात.
ग्लासात तळाशी दिसणारा चहा
बशीत गेला की पार काठाला लागतो.
फुंकर मारली की वर बारीक लाटा.
“बघ,” म्हणतात, “शंभर टक्के.”

मागच्या शुक्रवारी काटा साडेतीन किलो पुढं होता.
मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वही पुढं केली.
पुतणीचं लग्न, मानवत:
चहा, फुल.
चहा, फुल.
चहा, फुल. (विहीणबाईंचा आग्रह.)
कंडक्टर हिशेब खोटा लिहीत नाही.
मी काही बोलले नाही. मशीन लावलं.
चार तासांत ते लग्न थेंबाथेंबानं काढून घेतलं.

सुटी झाल्यावर टपरीवर गेले,
फुल सांगितला, आलं जास्त.
कागद वाचत बसले.
पाय भरून आले होते, हाताला बीटाडिनचा वास,
आणि पहिल्या घोटाला खांदे खाली आले.
हा फायदा कितवा, शोधलं.
सापडला नाही. सातवा असेल.

तेवढ्यात मुंजाजी बाकावर येऊन टेकले,
सुईच्या जागी पट्टी, चेहरा उतरलेला.
आजचं अर्धं तिकीट सकाळीच फाडून झालं होतं.
माझ्या ग्लासाकडं बघत म्हणाले,
“जरा इकडं सरकव. प्यायला नाही.
वाफेला कुठं तिकीट असतंय?”

सरकवला.
ते वाकले. चष्मा पांढरा झाला.
पुसायची त्यांनी घाई केली नाही.