अर्धा इंच माया

रुवीच्या मोठ्या रस्त्यामागे, एसीचं पाणी ठिबकतं त्या बोळात
दुकान आहे. पाटीवर कात्री, आणि अरबीत मालकाचं नाव,
जे पस्तीस वर्षांत मला वाचता आलं, लिहिता नाही.
बायकांना टेप मी लावत नाही.
पडद्याआड मैत्रीण लावते, आकडा ओरडते,
इकडे मी वहीत टिपतो.
असे हजारो हात माझ्या ओळखीचे.
चेहरा नाही. फक्त दंडघेर, कोपर, मनगट.

शुक्रवारी नमाजानंतर शटर अर्धंच वर घेतलं होतं,
ती वाकून आत आली. बेनेडिक्टा तुस्कानो, वसईकडची,
डायलिसिसला नर्स. वय एकेचाळीस. लग्न जानेवारीत, गावी.
'मास्तर, तुम्ही मराठी?'
'खेडचा.'
मग तिने खुर्ची अशी ओढली
की जणू शिलाई निम्मी झाली.

मोबाइलमध्ये बाह्याच बाह्या.
'यातली मला कुठली शोभेल? खरं सांगा.'

खरं सांगायचं तर टोपीबाही
दंडाच्या ऐन जाड जागी येऊन संपते
आणि अख्ख्या चर्चला बोट करून दाखवते, बघा, इथे.
फुगा खांद्याला उंची देतो, पण मान खाऊन टाकतो.
घंटाबाही फोटोत झकास; जेवताना रश्श्यात बुडते.
बिनबाहीचं मी बोलत नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.
जाळीची घ्या. सैल नाही, आवळ नाही,
कोपराच्या चार बोटं खाली थांबणारी.
मनगट मोकळं राहू दे.
मनगट कुणाचंच वाईट नसतं.

पडद्याआडून शायनीचा आवाज : 'डावा साडेअकरा. उजवा बारा.'
थांबली. पुन्हा मोजलं. बाराच.
मग आतून हसू, बेनेडिक्टाचं :
'एकोणीस वर्षं पेशंट याच हाताने उचलते, मास्तर.
कुणाला कळू देऊ नका.'

नवखा कारागीर कागद दुमडून एकदाच कात्री चालवतो.
मी दोन बाह्यांचे दोन कागद कापले.

माझ्या सबीहाचा निकाहाचा जोडा मी इथूनच शिवला होता.
व्हिसाचं अडलं होतं त्या वर्षी.
माप मागवलं नाही. बापाने माप काय मागवायचं?
आधीच्या सुट्टीत पाहिलेला हात
डोळ्यांसमोर धरला आणि कापलं.
निकाहाच्या आदल्या रात्री फोन : बाही चढत नाही.
दोन वर्षांत पोर भरली होती,
माझ्या डोळ्यांतल्या हाताला न कळवता.
बायकोने कंदिलाएवढ्या उजेडात शिवण उसवली,
आत अर्धा इंच माया होती, दोन्हीकडून.
तेवढ्यावर निभावलं.
तेव्हापासून मी पाऊण सोडतो.
मालक म्हणतो, कापड फुकट जातं.

ट्रायलला ती रात्रपाळी संपवून तशीच आली,
डोळे लाल, केसांत अजून टोपीची घडी.
झगा घालून पडद्याबाहेर उभी राहिली.
टाचण्या काढल्या, पण कच्चा टाका अजून दिसत होता.
'हात वर करून दाखवा.'
हे मी प्रत्येक नवरीला सांगतो, मुंढा ओढतो का बघायला.
बहुतेक जणी लाजतात, नाहीतर नाचल्यासारखं करतात.
तिने उजवा हात सरळ उचलला,
बोटं वळवली, काहीतरी हुकाला अडकवलं,
सलाईनची बाटली असते बरोबर तेवढ्या उंचीवर,
आणि नजर तिथेच ठेवली,
थेंब मोजत असावी तशी.

मुंढा ओढला नाही. जाळीला सुरकुती नाही.
शायनीने फोटो काढला, तो हलला.
बाहेर कुणीतरी परकराची नाडी मागत होतं.
हात खाली घ्या म्हणायचं
मी विसरूनच गेलो.